लेकाचा पाचवा वाढदिवस, ५० माणसं - खायला काय ठेवू?

चिंचगूळ
नमस्कार मंडळी, लेक नोव्हेंबरअखेर पाच वर्षांचा होतोय आणि यावेळी पहिल्यांदाच शाळेतल्या मित्रांना बोलवायचं ठरलंय. आत्तापर्यंत घरातल्या घरात औक्षण, छोटा केक आणि शेवयांची खीर एवढ्यावर भागत होतं. सोसायटीचा हॉल मिळालाय (सिंहगड रोड, पुणे), शनिवार संध्याकाळ. मुलं २०-२२ आणि या वयात आईबाबा सोडून जात नाहीत म्हणजे मोठी माणसं पण तेवढीच, शिवाय घरचे ८-१०. ५० पानं धरा.

आता खरी गंमत. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्याच्या आईने आपणहून मेसेज केला की आम्ही त्याचा डबा घेऊन येऊ, तुम्ही टेन्शन घेऊ नका, पण मला ते कसंतरीच वाटतंय, वाढदिवसाला येऊन ते पोरगं डब्यातलं खाणार. दोन घरं जैन आहेत, त्यातलं एक सूर्यास्तानंतर काही खात नाही. साबुंचा (सासरेबुवा) शनिवारचा उपास असतो, संध्याकाळी सोडतात. साबा (सासूबाई) म्हणतायत बाहेरचं काही नको, मी आणि तुझी आई मिळून पुरणपोळी आणि मसालेभात करतो. वाढदिवसाच्या पार्टीला पुरणपोळी?? नवरा म्हणतो पिझ्झा मागव आणि मोकळी हो. आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला विचारलं तर "वरणभात आणि वेफर्स".

माझ्या डोक्यात पावभाजी, साबुदाणे वडे (साबुंना पण चालतील म्हणून), भेळ, वेफर्स, केक असं आहे. बजेट केक धरून १५ हजारापर्यंत. ज्यांनी एवढ्या लोकांचं केलंय त्यांनी प्लीज सुचवा, प्रमाण पण सांगा.

रानफूल
पावभाजीला डोळे झाकून हो म्हण. मोठ्यांना पोटभर होतं, मुलं निदान बटर लावलेला पाव तरी खातात. ५० त निम्मी मुलं आहेत तर १०० पाव पुरेत, मोठ्याला तीन आणि मुलाला एक असा हिशोब. बटाटे ३ किलो, टोमॅटो ३ किलो, फ्लॉवर दीड, सोललेले मटार दीड, ढबू मिरची १ किलो. नोव्हेंबर म्हणजे मटार नुकते यायला लागलेले असतात आणि महाग असतात, फ्रोजन घेतलेस तरी काही बिघडत नाही. भाजी कमी तिखट कर आणि मोठ्यांसाठी वरून घ्यायला लसूण-मिरचीचा ठेचा वेगळा ठेव.
भेळ अजिबात नको. २२ पोरं, हॉलची फरशी आणि चुरमुरे, विचार कर.

काठावरपास
दोन मुलींचा बाप म्हणून अनुभवाचे बोल. पाच वर्षांची मुलं पार्टीत खातच नाहीत. केकचं क्रीम चाटतात, वेफर्स खिशात भरतात, कोणाचा तरी फुगा फुटतो मग रडारड आणि पार्टी संपते. जे काय खातात ते त्यांचे बाबा खातात. त्यामुळे मेनू बाबांसाठी करा. वडापाव ठेवा.
आणि तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त कळतंय. वरणभात आणि वेफर्स हा उत्तम मेनू आहे.

खमंगकाकू
डोंबिवलीत घरून ऑर्डरी घेते, त्यात वाढदिवस भरपूर असतात म्हणून लिहिते.

मुलांचं आणि मोठ्यांचं एकत्र धरू नकोस. मुलांना हातात धरून पळता येईल असं कोरडं, लहान आणि ओळखीचं हवं. ओळखीचं हे महत्त्वाचं बरं का, पाच वर्षांचं मूल परक्या ठिकाणी नवीन पदार्थ तोंडात घालत नाही, आई कितीही "एक घास खाऊन बघ" म्हणू दे. माझ्याकडे मुलांमध्ये संपून जाणाऱ्या गोष्टी म्हणजे छोट्या इडल्या, चीज-काकडी सँडविचचे त्रिकोण, बिनतिखटाची कटलेटं आणि जिरा-बटाट्याची सुकी भाजी न देता नुसत्या पुऱ्या (हो, नुसत्या). परत येणाऱ्या गोष्टी म्हणजे पास्ता, मंचुरियन आणि फ्रूट कस्टर्ड. पास्ता गार झाला की गोळा होतो, मग त्याच्याकडे कोणी बघत नाही.

चारच्या वर पदार्थ ठेवू नकोस. आठ ठेवलेस तर प्रत्येकातलं थोडं थोडं घेतात आणि निम्मं डिशमध्येच राहतं. वाढायला दोन माणसं पैसे देऊन ठेव, नाहीतर तू आणि साबा दोघी काउंटरमागे उभ्या राहाल आणि एकाही फोटोत दिसणार नाही.

केक दोन किलो सांगतात सगळे. एक किलोत साधारण १०-१२ तुकडे धरतात पण ते तुकडे मोठ्यांचे. मुलांना निम्मा पुरतो आणि मोठी माणसं "नको नको डाएट आहे" म्हणतात. दीड किलो घे. डायनोसॉर वगैरे करायचा असेल तर क्रीमचाच कर, तो वरचा साखरेचा जाड थर मुलं सोलून बाजूला ठेवतात आणि त्याचेच जास्त पैसे लागतात. गडद निळं, काळं क्रीम पण नको. दात, जीभ, कपडे सगळं निळं होतं.

डिश सुपारीच्या पानाच्या घे. थर्माकोलच्या आपल्याकडे २०१८ लाच बंद झाल्या, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात अजून मिळतात. घेऊ नकोस.

निळीशाई
माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून जरा मोठं लिहिते.

आधी डब्याबद्दल. त्याची आई डबा आणते म्हणतेय तर आणू दे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आम्हाला तेच सोपं पडतं. पण तू विचारते आहेस यातच तिला किती बरं वाटेल मला माहितीये. तिला फोन कर (मेसेज नको) आणि तीन गोष्टी विचार: फक्त शेंगदाणा की काजू-बदाम पण? तीळ आणि डाळी चालतात का? नुसता वास किंवा हात लागून काही होतं की पोटात गेलं तरच? प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. शेंगदाणा हा खरं तर डाळींच्या घराण्यातला, काजू-बदाम वेगळे, पण काही मुलांना दोन्ही चालत नाहीत.

आता तुझा मेनू. साबुदाणा वड्यात कूट, म्हणजे तो गेला. भेळेच्या फरसाणात शेंगदाणे आणि बरंचसं फरसाण शेंगदाणा तेलात तळलेलं, ती पण गेली. नंतर कोणी दाबेली सुचवेल, तिच्यात तर मसाला शेंगदाणे असतातच. आपल्या स्वयंपाकात दाणे इतक्या ठिकाणी असतात की आपल्यालाच लक्षात येत नाही, काकडीची कोशिंबीर घ्या, भरली वांगी घ्या, इडलीबरोबरची चटणी घ्या.

बाहेरून काही आणलंस तर दुकानात "यात शेंगदाणे आहेत का" असं विचारू नकोस. ते नाही म्हणतात कारण दिसत नाहीत. "तळायला तेल कुठलं?" असं विचार. रिफाइंड तेलाबद्दल डॉक्टर वेगळं सांगतात पण लाकडी घाण्याच्या तेलात दाण्यातली प्रथिनं उतरतात आणि सध्या घाण्याच्या तेलाची फॅशन आहे. तू सरळ त्या दिवशी सगळं सूर्यफुलात कर, विषय संपला.

पाकिटातल्या वस्तूंवर मागे अ‍ॅलर्जीची ओळ वेगळी छापलेली असते, एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियमात शेंगदाणा येतोच. सुटे वेफर्स घेऊ नकोस, पाकीट घे आणि ती ओळ वाच. केकवाल्यांना आधीच सांग, आणि त्यांच्या त्याच ओट्यावर पीनट बटर किंवा दाण्याची कुकीज होत असतील तर दुसरीकडून घे. रिटर्न गिफ्टमध्ये चिक्की आणि दाणे असलेली चॉकलेटं नकोत, मुलं गाडीत बसल्या बसल्या फोडतात.

आणि त्या मुलाची डिश सगळ्यात आधी भरून बाजूला ठेव. नंतर चमचे इकडचे तिकडे होतात.

चिंचगूळ
बापरे निळीशाई, खूप खूप धन्यवाद. साबुदाणा वड्याचं माझ्या लक्षातच आलं नसतं, कूट म्हणजे मीठ असल्यासारखं घालतो आपण. आजच फोन करते.
काकू, वाढायला माणसं ही आयडिया भारी. काठावरपास, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला दाखवला, तो फार खूष झालाय, वडापावचं त्याने मनावर घेतलंय :(
जैन पाहुण्यांचं कोणी सांगेल का? पावभाजी त्यांना वेगळी करावी लागेल ना?

पापडखार
मी सांगलीची, आम्ही जैनच. (जैन म्हटलं की लोकांना गुजराती-मारवाडीच आठवतात, सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे जैन आहेत हो.)

पावभाजी करता येते. कांदा, लसूण, बटाटा नाही, बटाट्याच्या जागी कच्ची केळी उकडून. ७-८ जणांना ८-१० केळी घ्या. मटार, ढबू, टोमॅटो चालतात. फ्लॉवर बरेच लोक खात नाहीत, गाजर आणि ओलं आलं पण जमिनीखालचं म्हणून नाही, सुंठ चालते. एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे पावभाजी मसाला. काही मसाल्यांत लसूण-कांद्याची पावडर असते, पाकिटावर वाचा. ही भाजी आधी करा आणि झाकून ठेवा, मग मोठ्या पातेल्याचं. एकच झारा दोन्हीकडे फिरवला की सगळं मुसळ केरात. केक बिनअंड्याचा हे सांगायला नकोच.

पण तुमचा खरा प्रश्न वेळेचा आहे. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या जरा आधीच मावळतो. साडेसहाला पार्टी ठेवलीत तर ते घर येईल, हसेल, फोटो काढेल आणि पाणीसुद्धा न पिता जाईल. त्यांना वाईट नाही वाटणार, सवय असते, पण यजमानाला वाटतं. चारला बोलवा. पाचला खाणं चालू केलंत की सगळे सुटले. लहान मुलांना पण तीच वेळ बरी, साडेसातनंतर सगळी किरकिरायला लागतात.

रानफूल
चारला बोलावलंस तर लोक पाचला येतील. पुणं असलं तरी. "बरोबर चारला" असं लिही पत्रिकेत. आणि केक आधी कापायचा की नंतर ते ठरव. मी म्हणते शेवटी, आधी कापला की जेवण जात नाही.

खमंगकाकू
शेवटी ठेवलात तर २२ मुलं दोन तास केकभोवती घिरट्या घालतात आणि कोणीतरी बोट घालतंच. या वयाला आधी कापा, हातात छोटा तुकडा द्या, मग खेळ, मग खाणं. दहा वर्षांचे झाले की ठेवा शेवटी. शिवाय इथे सूर्यास्ताचंही बघायचंय, केक शेवटी म्हणजे त्या मुलाला केक नाही.

नाचणीसत्व
सगळं वाचलं. पाव मैद्याचा, केक मैद्याचा, वेफर्स तळलेले. मुलांच्या वाढदिवसाला एकतरी पौष्टिक गोष्ट ठेवायला काय हरकत आहे? नाचणीचे कपकेक, बीटाचे कटलेट, फळांच्या काड्या, मोड आलेल्या मुगाचं चाट. माझा मुलगा आवडीने खातो.

काठावरपास
तुमचा खात असेल, बाकीच्या २१ जणांचं काय? वर्षातले ३६४ दिवस बीट आहेच की. आणि बीट पण जमिनीखालचं ना, पापडखारताईंना विचारा.

खमंगकाकू
नाचणीसत्व, फळं ठेवायला हरकत नाही, कलिंगड-पपईचे तुकडे मुलं खातात. द्राक्षं असतील तर उभी चिरून. अख्खं द्राक्ष पळताना घशात अडकतं. धाकटी भावंडं येतील त्यात चार वर्षांखालची असतील तर पॉपकॉर्न पण नको, त्याच कारणाने. आजकाल सगळे पॉपकॉर्नचं मशीन लावतात म्हणून सांगितलं.
मोड आलेले मूग मात्र मुलांच्या पार्टीत ठेवू नका हो, मी परत आणलेत पातेलंभर.

मांडवीकाठ
पणजीहून नमस्कार. आमच्याकडे मुलांच्या वाढदिवसाला बेकरीतले व्हेज पॅटीस असतातच, घरी काही करायला नको, गार झाले तरी चालतात. कांदा-बटाटा असतो म्हणून जैनांना नाही, पण बाकीच्यांना सोपं.
मशीनवरून आठवलं, ते गुलाबी म्हातारीचे केस करणारा माणूस बोलावू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने बंदी घातली कारण त्यात रोडामाइन-बी सापडलं, तो कपड्यांचा रंग आहे, खाण्याचा नाही. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने रंग घातलेल्यावर बंदी आणली आणि मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर पण. बोलवायचाच असेल तर रंग न घालता पांढरे काढून दे म्हणायचं. मुलांना फिरणारं मशीन बघण्यातच जास्त मजा येते.

तिकडची
न्यू जर्सीत या बाबतीत फार सोपं आहे, पिझ्झा, ज्यूसची छोटी पाकिटं, केक, संपलं. दोन तासांची पार्टी असते, वेळ संपली की पुढच्या वाढदिवसाची माणसं दारात उभी. मराठी घर असेल तर आईबाबांसाठी मागच्या टेबलावर सामोसे आणि बिर्याणीचे ट्रे, मुलं तिकडे फिरकत नाहीत.
अ‍ॅलर्जी मात्र इकडे आमंत्रणातच विचारतात, "काही अ‍ॅलर्जी असेल तर कळवा" एवढी एक ओळ. तू पण टाक, अजून कोणाचं काही असेल तर आत्ताच कळेल. आणि निळीशाईने तीळ विचारायला सांगितलंय ते खरंच विचार. इकडे २०२३ पासून तीळ पण पाकिटावर लिहायच्या मुख्य अ‍ॅलर्जींच्या यादीत आलाय, तेव्हापासून माझ्या गोडा मसाल्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

पण मला एक सांगा, साबांच्या पुरणपोळीवर सगळे गप्प का? कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, अंडं नाही, शेंगदाणा नाही. साबु पण उपास सोडताना खातील. या अख्ख्या यादीत सगळ्यांना चालणारा हा एकच पदार्थ आहे आणि तोच आपण बाजूला ठेवलाय.

पापडखार
अगं हो की! आमच्याकडे पण चालते.

रानफूल
पण ५० पुरणपोळ्या त्याच दिवशी? साबा आणि आई दोघींची कंबर जाईल. आणि ताटभर पोळी मुलाच्या हातात कशी देणार?

खमंगकाकू
त्याच दिवशी कशाला, आदल्या दिवशी. पुरीएवढ्या छोट्या लाटायच्या, दोन घासांत संपणाऱ्या. दीड किलो डाळीचं पुरण केलं तर पुरून उरतील. पुरण कोरडं ठेवायचं, पोळ्या पूर्ण गार झाल्यावरच एकावर एक रचायच्या, नाहीतर वाफेने ओल्या होतात. नोव्हेंबरच्या हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही होत नाही. वाढताना तव्यावर नुसती गरम करून तूप. माझ्याकडे बारशाला अशा जातात, मुलं बिस्किटासारखी हातात घेऊन फिरतात. फक्त एक, अ‍ॅलर्जीवाल्या मुलाला हरभरा डाळ चालते ना ते विचारून घे.

निळीशाई
हेच लिहायला आले होते. डाळ विचारच. माझ्या मुलीला चालते पण सगळ्यांना चालेल असं नाही. आणि पोळी लाटताना पिठीला, तव्याला जे काय वापराल ते नवीन फोडलेलं पाकीट असू दे.

चिंचगूळ
मंडळी, फोन झाला. फक्त शेंगदाणा, बाकी डाळी, तीळ, काजू सगळं चालतं, हात लागून काही होत नाही, पोटात जायला नको. ती बिचारी दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली तुम्ही पहिल्या आहात विचारणाऱ्या. डबा तरीही आणणार आहे आणि मी हो म्हटलं.

तर ठरलं असं: बरोबर चारला बोलावणं. आल्याआल्या केक, दीड किलो, बिनअंड्याचा, हिरवा डायनोसॉर (निळा हवा होता त्याला, हिरव्यावर तडजोड झाली). पाचला खाणं. छोट्या इडल्या, पुरीएवढ्या पुरणपोळ्या, पाकिटातले वेफर्स आणि कलिंगड मुलांना. मोठ्यांना पावभाजी, जैन वेगळी, कच्च्या केळ्याची. भेळ, साबुदाणा वडा, पॉपकॉर्न रद्द. प्यायला कोकम सरबत. आणि साबा वरणभाताचा एक छोटा कुकर पण लावणार आहेत, उत्सवमूर्तींची फर्माईश आहे म्हणून.

नाचणीसत्व, पुढच्या वर्षी नक्की बघते :)

पुरणपोळी फायनल म्हटल्यावर साबा जाम फॉर्मात आल्यात, आत्ताच डाळ आणायला निघाल्या होत्या, महिना आहे अजून. इडलीचं पीठ मात्र मला करायचंय, नोव्हेंबरात फुगेल ना? आणि किती भिजवू?

रानफूल
१ किलो इडलीचा तांदूळ आणि पाव किलो उडीद डाळ, नेहमीच्या साच्याच्या ६०-७० होतात, छोट्या दुप्पट-तिप्पट. मूठभर मेथ्या डाळीत टाक... मूठभर नको, चमचाभर, टायपिंगच्या ओघात गेलं. थंडीत रात्रभर पुरत नाही, शुक्रवारी दुपारीच वाट आणि बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेव. पातेलं मोठं घे, उतू गेलं की दिवा काढून पुसायला लागतो.

निळीशाई
इडलीबरोबर चटणी कसली करतेस? खोबरं आणि डाळं घे, दाणे नको. आणि ती मिक्सरच्या ज्या भांड्यात कूट करतेस त्यात नको वाटूस, झाकणाच्या रबराखाली दाणे अडकलेले असतात, धुतलं तरी निघत नाहीत. दुसरं भांडं नसेल तर चटणीच रद्द कर, मुलं इडली केचपबरोबर खातात.

चिंचगूळ
चटणी रद्द. केचप.